टाळू भरेपर्यंत

बाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी चपला काढायच्या, मग मोरीत जाऊन हात धुवायच्या आणि मग बाळाच्या टाळूवर तळवा ठेवायच्या. बसा, चहा घेता का, हे सगळं त्यानंतर. तळवा ठेवून क्षणभर डोळे मिटायच्या आणि बाळाचं वजन सांगून टाकायच्या. पुढे अंगणवाडीतल्या काट्याला बाळ लटकवलं की फरक निघायचा फार तर शंभर ग्रॅमचा. मी लग्न होऊन गावात आले तेव्हा मला हा चमत्कारच वाटला होता. एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाल्या, "टाळूवरनं कसलं वजन कळतंय? दुसऱ्या हातानं बूड उचलून बगते की मी. तुमी समद्या टाळूकडं बगत बसता."

आमची वाडी वडिवळ्याच्या धरणाच्या अंगाला, डोंगराच्या पोटात. बाई तिथल्या अंगणवाडीच्या सेविका. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी वाडीतलं प्रत्येक मूल तोललं होतं आणि एकाचंही वजन त्या विसरल्या नव्हत्या. वही असायची, पण ती साहेब लोकांसाठी. सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. एका लग्नात मिशा पिळत फिरणाऱ्या नवरदेवाला त्यांनी भर मांडवात सांगितलं होतं, "दोन किलो शंभरचा व्हतास रं. कापसात गुंडाळून ठिवला व्हता तुला." नवरदेव लाजला, नवरी हसली आणि बाई जेवायला बसल्या.

त्यांची आणखी एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. 'काय व्हत न्हाई' हे शब्द त्या कधीही उच्चारत नसत. आपल्याकडे प्रत्येक बाईच्या तोंडी हे वाक्य असतं. बाळ पडलं, काय होत नाही. दूध ओकलं, काय होत नाही. बाई मात्र बाळाला नीट बघायच्या आणि म्हणायच्या, "बगू." नवख्या आईला हे फार लागायचं. मला तर त्यांचा रागच यायचा. माझी लेक सई तीन आठवड्यांची असताना तिला जरा कावीळ झाली, तेव्हा मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "बाई, काही होणार नाही ना हो?" तर म्हणाल्या, "उद्या कामशेतला दवाखान्यात दाव. मग बगू." मी सासूबाईंना म्हटलं, ही बाई दगड आहे.

अंगणवाडीच्या दाराबाहेर खिळ्याला एक पत्र्याचा डबा टांगलेला होता. झाकणाचा, तारेच्या कडीचा, हिरव्या रंगाने रंगवलेला. आत पाऊल टाकायच्या आधी प्रत्येकाने आपला फोन त्यात टाकायचा. आया, आज्या, ग्रामसेवक, तपासणीला आलेल्या मॅडम, कुणालाही सूट नव्हती. माहिती भरण्यासाठी कचेरीकडून बाईंना मिळालेला फोनही मुलं असेपर्यंत त्याच डब्यात. मुलं घरी गेली की तो घेऊन त्या धरणाच्या भिंतीवर जायच्या, कारण नेट तिथेच चालायचं, आणि चष्मा कपाळावर चढवून माहिती भरत बसायच्या. डब्यात फोन वाजला की सगळा पत्रा थरथरायचा आणि आतली मुलं हसायची.

बाईंचा नियम सोपा होता. टाळू भरेपर्यंत फोन बाळाच्या जवळ आणायचा नाही. आपल्याकडे रोज टाळूवर तेल घालतात, वर्ष-दीड वर्षाने ती भरते, हाडं जुळतात. तोवर तिथं बोट ठेवलं तर आतलं उडणं बोटाला लागतं. नव्या आईचं बोट धरून बाई ते तिथं ठेवायच्या. "लागतंय का? हितं हाड न्हाई अजून. आनि जितं हाड हाय तितंबी कागदावानी पातळ." वडगावला प्रशिक्षणात एका डॉक्टरीणबाईंनी त्यांना सांगितलं होतं, की मुलांची कवटी पातळ, आतला मेंदू ओला नि वाढता, त्यामुळे फोनच्या लहरी मोठ्यांपेक्षा त्यांच्यात जास्त शिरतात; त्याने पुढे काय होतं ते अजून पक्कं कुणाला सांगता येत नाही. शेवटच्या वाक्यावर बाकीच्या सेविकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बाईंची भीती तिथूनच सुरू झाली.

वाडीत कुणी नवा फोन घेतला की बाई त्याच्या खोक्यातला कागद मागून न्यायच्या. तो घडीघडीचा, मुंगीएवढ्या अक्षरांचा कागद, जो आपण खोक्यासकट फेकून देतो. एकदा त्यांनी तो माझ्यापुढे धरला. सोबत भिंग. "तू शिकल्याली हायेस, लोणावळ्याची हायेस. काय लिवलंय वाच." मी शोधून शोधून वाचलं. फोन अंगापासून अमुक अंतरावर ठेवून वापरावा, असं खरंच लिहिलं होतं. बाई म्हणाल्या, "बग. कंपनी सोता म्हनतीय लांब ठिवा. आनि आपन लेकराच्या उशाला देतोय." मी त्या दिवशी दोन फोन बाळगून होते आणि तो कागद आयुष्यात पहिल्यांदा वाचत होते.

माझं पोट फोनवरच चालायचं. लोणावळ्यातल्या एका मालकांचे चार बंगले सुट्टीसाठी भाड्याने जायचे, त्यांचं बुकिंग मी घरून बघायची. किती माणसं, स्विमिंग पूल आहे का, जेवणाचं काय, दिवसभर हेच. सईला पाजताना फोन कान आणि खांदा यांच्यात धरलेला असायचा, म्हणजे तिच्या डोक्यापासून वीतभर. बाईंनी एकदा ते पाहिलं आणि फोन माझ्या कानावरून काढून घेतला. पलीकडे मुंबईची पार्टी होती. बाई त्यांना म्हणाल्या, "बाई लेकराला पाजतीय. अर्ध्या तासानं करा." ती पार्टी गेली. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

आमच्या घरात रेंज फक्त खिडकीपाशी यायची, तीही एक कांडी. बाईंना त्याचीच जास्त धास्ती. मला वाटायचं रेंज कमी म्हणजे लहरीही कमी. बाई म्हणाल्या, "उलटं हाय. धरनाच्या पल्याडच्या मानसाला हाक मारायची तर आपन कसं बोंबलतो? कांडी कमी आसली की फोनबी तसाच बोंबलतो. जवळच्याच्या कानठळ्या बसत्यात." मी हसले होते. पुढे एका मोबाईल दुरुस्तीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला बरोबर आहे, टॉवर लांब असला की फोन जास्त जोर लावतो. पण हे मी विचारलं फार उशिरा.

सई पाच महिन्यांची झाली तेव्हा मालकांनी सांगितलं, शुक्रवार ते रविवार बंगल्यावर प्रत्यक्ष यावं लागेल, नाहीतर दुसरी माणसं बघतो. नवरा आंबीच्या कारखान्यात, त्याच्या पाळ्या. घरी सासूबाई, जीव लावणाऱ्या, पण कानांनी अधू. सई माजघरात रडली तर त्यांना अंगणात पत्ता लागायचा नाही. मग मी एक शक्कल काढली. जुना फोन झोळीच्या घडीत, सईच्या डोक्याशी खोचायचा, आपोआप उचलला जाईल असं करून ठेवायचा आणि त्यावर फोन लावून तो दिवसभर चालूच ठेवायचा. मी लोणावळ्यात चादरी बदलत असेन, पण एका कानात सईचा श्वास. रडली की शेजारच्या वहिनींना दुसऱ्या फोनवरून कळवायचं, त्या जाऊन बघायच्या. बोलणं फुकटच होतं. झोळी मी खिडकीपाशी बांधून घेतली, कारण रेंज तिथेच.

मला स्वतःचा काय अभिमान वाटायचा! सकाळी आठच्या लोकलला कामशेतला चढायची, तेव्हापासून ती श्वास घ्यायची माझ्या कानात. मध्येच उसासा, मध्येच बोटं चोखल्याचा आवाज. बाकीच्या बायका पोरं टाकून कामाला जातात, मी बघा, मी तिला एक क्षणसुद्धा सोडत नाही. वहिनींना मी बजावलं होतं, बाईंना सांगायचं नाही. म्हणजे मला कळत होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला त्याच वेळी कळत होतं.

चार महिने असे गेले. एका शनिवारी मी वरच्या खोलीत उशांना अभ्रे घालत होते. कानात सई झोपलेली. तेवढ्यात मोरीतल्या पाण्याचा आवाज आला. कुणीतरी हात धुतले. मी ओळखलं. त्या महिन्यात सईचं वजन करायचं राहून गेलं होतं, म्हणून बाई घरीच आल्या होत्या. पावलं जवळ आली. झोळीची दोरी करकरली. मग बराच वेळ काहीच नाही. मग कापड सरकल्याचा मोठा खरखराट झाला आणि बाईंचा आवाज थेट माझ्या कानात आला.

"कोन हाय?"

 मी म्हटलं, "बाई, मी."

"कदीपास्नं चालूय ह्ये?"

"चार महिने. फक्त शुक्रवार ते रविवार."

"किती येळ?"

"मी परत येईपर्यंत."

त्या रागावतील म्हणून मी वाट बघत राहिले. त्या नुसत्या श्वास घेत होत्या आणि त्यांच्या मागे सई श्वास घेत होती. मग फोन बंद झाला. चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्या कानात काहीच नव्हतं. मी तशीच स्टेशनवर पळाले. बंगल्याची दारं लावली की नाही हेसुद्धा आठवत नव्हतं.

घरी पोचले तर झोळी खिडकीपासून सोडवून आतल्या तुळईला बांधलेली. बाई खाली बसल्या होत्या, सई मांडीवर, तळवा टाळूवर. जुना फोन अंगणात तुळशीकट्ट्यावर पडला होता. मी दारातच उभी राहिले. वाटलं, आता ह्या मला गावासमोर उघडं पाडतील. पण बाईंनी वर पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. बाईंना रडताना कुणी पाहिलं नव्हतं.

"बाई, काही होणार नाही ना?"

"बगू," बाई म्हणाल्या. मग सासूबाईंना चहा टाकायला सांगून त्यांनी मला शेजारी बसवलं. "सईची आई, त्यो डबा हाय ना माजा, दाराचा. त्यो कशाचा हाय ठावं हाय?"

मी नाही अशी मान हलवली.

"भातावर फवारायच्या औशीदाचा."

बाई नव्या नव्या कामाला लागल्या होत्या तेव्हाची गोष्ट. अंगणवाडीत उंदीर फार. मुलांचे गूळ-शेंगदाणे ठेवायला घट्ट झाकणाचं काही नव्हतं. कुणाच्या तरी खळ्यावर हा रिकामा डबा मिळाला. बाईंनी तो तीन वेळा राखेने घासला, उन्हात ठेवला, वास गेला की नाही बघितलं. एका आजीने शंका काढली तर म्हणाल्या, काय व्हत न्हाई, घासलाय चांगला. वर्षभर त्यातले गूळ-शेंगदाणे मुलांनी खाल्ले. मग वडगावला कुणीतरी चित्रं दाखवून समजावलं, की असा डबा कितीही घासला तरी खाण्याला वापरायचा नसतो.

"मग? काही झालं का कुणाला?"

"कुनाला उलटी न्हाई, ताप न्हाई, काय न्हाई. सव्वीस पोरं व्हती. समदी मोटी झाली. एक टेंपो चालिवतो. दोगं कंपनीत हायेत. येकीला मूल व्हईना, लय दवाखानं केलं. येकाच्या लेकाचं डोकं मंद हाय." बाई सईच्या टाळूवरून बोट फिरवत होत्या. "आता ह्ये त्या डब्यामुळंच असंल, असं न्हाई. पन नसंल, असं मला कोन सांगनार? तवापास्नं बगतीय मी. पंचवीस वर्सं झाली. रोज त्यो डबा दारात बगते, म्हंजी त्ये तीन शबुद परत तोंडातनं निगायचं न्हाईत."

चहा आला. आम्ही दोघींनी तो गार होऊ दिला. जाताना बाई म्हणाल्या, "आठ किलो नऊशे हाय. वजन झ्याक हाय." मग झोळीकडे एकदा पाहिलं आणि चपला घालून गेल्या. गावात त्या कुणाला एक अक्षर बोलल्या नाहीत.

मी बंगल्यांचं काम सोडलं. तळेगावच्या बालरोगतज्ज्ञांनी सईला उलटं-सुलटं तपासलं, म्हणाले, छान आहे, खेळती आहे. फोनचं विचारलं तर म्हणाले, लहान मुलांपासून तो लांबच ठेवावा, पण झालेल्या गोष्टीबद्दल ठाम काही सांगता येत नाही, काळजी करू नका. काळजी करू नका! बाई दर महिन्याला यायच्या, हात धुवायच्या, तळवा ठेवायच्या. सईची टाळू भरली त्या दिवशी मी साखर वाटली. बाईंनी चिमूटभर तोंडात टाकली आणि तळवा मात्र नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवला.

सई सहा वर्षांची असताना बाई निवृत्त झाल्या आणि बेगडेवाडीला लेकीकडे राहायला गेल्या. निरोपाच्या दिवशी नव्या सेविकेने डबा काढून ठेवला. आता मुलांना फोनवरच गाणी दाखवायची असतात, असं ती म्हणाली. तो डबा बाईंनी काखेत मारला आणि टमटममध्ये बसल्या. तोवर वाडीच्या वरच्या अंगाला टॉवरही झाला होता. आता घरात कुठेही बसा, चार कांड्या. झोळ्यांमधून गाणी ऐकू यायची. मी एक-दोघींना सांगून पाहिलं, तर त्या माझ्याकडे मी पूर्वी बाईंकडे बघायची तसं बघायच्या.

गेल्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर सईचं डोकं दुखायला लागलं. रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा तरी. डाव्या कानाच्या वर बोट ठेवून म्हणायची, "आई, इथंच." डोळे तपासले, नंबर नाही. रक्त तपासलं, ठीक. डॉक्टर म्हणाले, या वयात होतं, पाणी कमी पिते, डबा संपवत नाही. पटण्यासारखं होतं. पण माझ्या मनात एकच गोष्ट कुरतडत होती. फोन मी कोणत्या बाजूला खोचायची? रोज खोचला, चार महिने, आणि मला ते आठवत नव्हतं. सकाळची घाई, लोकलची वेळ, हात आपोआप चालायचे. झोळी डोळ्यांपुढे आणली की कधी तो डावीकडे दिसायचा, कधी उजवीकडे. खात्रीने सांगू शकेल असं जगात एकच माणूस होतं. बाईंनीच तो आपल्या हाताने काढला होता.

मी बेगडेवाडीला गेले. बाई पलंगावर होत्या. अर्ध्याने कमी झाल्या होत्या, पण डोकं लख्ख. मला बघताच म्हणाल्या, "सईची आई! ये. दुसरीत गेली आसंल. दोन किलो सातशेची जन्मली व्हती." मी तिच्या उंचीचं, शाळेचं सांगितलं. बाई म्हणाल्या, "त्या शनवारी आठ नऊशे भरली व्हती. पिवळं झबलं व्हतं आंगात, येक बंद तुटल्याला." मला झबलंसुद्धा आठवत नव्हतं. पलंगाखाली हिरवा डबा दिसत होता.

मग मी विचारलं. "बाई, त्या दिवशी फोन कुठल्या बाजूला होता? डावीकडे की उजवीकडे?"

 "का गं?" बाई म्हणाल्या.

"तिचं डोकं दुखतं. एकाच बाजूला."

"कंच्या?"

मी माझ्या डाव्या कानाच्या वर बोट ठेवलं. बाईंनी तिकडे पाहिलं. मग हात लांब करून माझ्याच डोक्यावर तळवा ठेवला, त्याच जागी, आणि डोळे मिटले. त्यांचा हात हलका झाला होता, गरम होता. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले ते माझ्याकडे न बघता खिडकीकडे.

"मला आठवत न्हाई, पोरी," बाई म्हणाल्या.

त्यांनी मला कधी पोरी म्हटलं नव्हतं. मी पुन्हा विचारलं नाही. त्यांची लेक चहा घेऊन आली, तो मी प्यायले. निघताना पाया पडले तेव्हा बाईंनी माझा हात धरून ठेवला आणि सोडलाच नाही, लेकीला तो सोडवावा लागला. त्यानंतर दोन महिन्यांनी बाई गेल्या.

बेगडेवाडीहून त्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा सई शाळेतून येऊन पायरीवर बसली होती. दप्तर अजून पाठीवरच. तिला मी कुठे आणि कशाला गेले होते ते ठाऊक होतं.

"आई, काय म्हणाल्या बाई?"

मी तिच्या पाठीवरचं दप्तर काढलं, केस मागे सारले.

"काय होत नाही म्हणाल्या," मी म्हटलं.